छत्री नसलेला कोल्हा

"असं हलवून काही कळत नाही हं."

मी इतकी दचकले, की कानाशी धरलेली डबी हातातून निसटलीच. त्याने ती वरच्या वर झेलली. उंच, किडकिडीत, निळ्या गणवेशाच्या बाह्या दुमडलेल्या, नखांत काळं ग्रीस. केसांतून पाणी निथळत होतं. खेळण्यांच्या दुकानाबाहेर सकाळपासून पावसाची नुसती पिरपिर चालली होती.

"तुम्हाला काय माहीत?" मी म्हणाले. "बेडूक जड असतो. थप्प आवाज येतो त्याचा."

"मग या डबीत काय आहे?"

मी पुन्हा हलवून ऐकलं. "हं… हे साळिंदर."

पैसे देऊन मी डबी तिथेच फोडली. आत बेडूक होता.

"सर्दी झाली असेल त्याला," तो म्हणाला, "आवाज बसलाय." आणि असा हसला, की मला रागावायचंही सुचलं नाही.

मी समोरच्याच चष्म्याच्या दुकानात डोळे तपासते. दुपारच्या सुट्टीत खेळण्यांच्या दुकानात जायची सवय लागली ती आई गेल्यानंतर. घरी मी आणि बाबा, दोघंच. बाबा संध्याकाळभर टीव्हीवर बातम्या बघतात, तेही आवाज बंद करून. जेवताना टेबलावर एक डबी फोडायची, आत कोण निघालं ते बघायचं… दिवसभरात घरात नवीन असं तेवढंच घडायचं.

डब्या होत्या छत्रीवाल्या खेळण्यातल्या प्राण्यांच्या; आत कोण, ते फोडल्याशिवाय कळायचं नाही. बारा प्राणी, प्रत्येकाच्या हातात इवलीशी छत्री. वरून सगळ्या डब्या सारख्या. आणि एक तेरावा, जो डबीवरच्या चित्रात नुसती काळी सावली म्हणून होता. कोल्हा. त्याच्याकडे छत्री नाही, तो चिंब भिजलेला. तो म्हणे एकशे चव्वेचाळीस डब्यांमागे एक.

"म्हणजे एकशे चव्वेचाळीस घेतल्या, की एक मिळणारच," मी एकदा म्हणाले. तोवर आम्ही दुकानाबाहेरच्या बाकावर रोज भेटू लागलो होतो, जास्तीचे प्राणी बदलून घ्यायला. निदान कारण तरी तेच होतं.

"नाही ना. तेवढ्या घेऊनही तिघांतल्या एकाला तो मिळत नाही."

"काहीतरीच!"

"खरंच. डबीला कुठे आठवतं, तुम्ही आधी किती फोडल्यात ते? प्रत्येक वेळी सगळं पहिल्यापासून."

"लिफ्ट दुरुस्त करता ना तुम्ही? की शिकवण्या घेता?"

"शक्यतांचं गणित मला लहानपणीच शिकावं लागलं," तो म्हणाला, आणि छत्रीवरून टपटपणाऱ्या पाण्याकडे बघत राहिला. छत्री एकच होती. माझी. त्याचा डावा खांदा भिजत होता, आणि तरी तो जवळ सरकत नव्हता.

"इकडे या की जरा… खाणार नाही मी तुम्हाला."

"भीती तुमची नाही वाटत," तो म्हणाला.

तेवढ्यात त्याचा फोन वाजला. कुणीतरी कुठल्यातरी मजल्यावर अडकलं होतं. त्याचा फोन नेमका अशाच वेळी वाजायचा. जाताना तो वळून म्हणाला, "येतेस का उद्या?" मग चपापला. "म्हणजे… येता का?"

"येते," मी म्हणाले. त्या दिवसापासून आमचं 'तुम्ही' सुटलं ते सुटलंच.

तो मला 'बेडूकवाली' म्हणायचा. माझ्या नशिबी बेडूकच यायचे ना! आणि त्याच्या डब्या? त्या त्याच्या आईसाठी असायच्या. आई आजारी असते, घराबाहेर पडत नाही, डबी उघडताना मात्र खुलते, एवढंच त्याने सांगितलं होतं. मी आणखी विचारलं की तो विषय बदलायचा. कधी कधी बोलता बोलता तो आपला हात समोर धरून, बोटं ताणून बघायचा. मला वाटायचं, ग्रीस बघतोय.

एका रविवारी तोच म्हणाला, "आईला बेडूकवालीला बघायचंय. येशील?"

मी ठेवणीतला कुर्ता घातला, काजळ दोनदा पुसून पुन्हा घातलं. जिन्यात मनातल्या मनात नमस्काराची तालीमही केली. त्याने दार उघडलं आणि ती सगळी तालीम मी विसरून गेले.

त्याची आई खुर्चीत बसली होती. खुर्चीच्या कडांना उशा बांधलेल्या होत्या. तिचे हात, खांदे, मान, काहीच एका जागी ठरत नव्हतं. कुणीतरी आतून दोऱ्या ओढत असल्यासारखं तिचं शरीर हलत होतं. एके काळी ही बाई ऑफिसात टायपिस्ट होती, सगळ्यांत भरभर बोटं चालणारी. भिंतीवरच्या फोटोत ती टंकयंत्रामागे बसून हसत होती, अगदी त्याच्यासारखंच.

"ये… ये गं," ती म्हणाली. शब्द जिभेवर अडखळत येत होते.

मी आणलेली डबी त्याने तिच्या मांडीवर ठेवली. तिची बोटं चुकत होती, तरी त्याने मदत केली नाही. तिला ते आवडत नसे. बऱ्याच वेळाने झाकण निघालं. आतून कोल्हा बाहेर आला. ओल्या शेपटीचा, छत्री नसलेला.

"आई!" तो ओरडलाच. "अगं, तोच! तोच मिळाला तुला!"

तिने कोल्ह्याकडे नीट पाहिलं. तिचा चेहरा पडला. "ह्याला… छत्री नाही," ती म्हणाली. "भिजेल."

आणि तिचा हात जोरात उडाला. कोल्हा फरशीवर आपटला, शेपटी तुटून कपाटाखाली गेली. ती लहान मुलीसारखी रडायला लागली. तो नुसता उभा होता.

माझ्या पिशवीत बदलायला आणलेला एक बेडूक होता. मी त्याची छत्री उपटून काढली, कोल्हा उचलला आणि त्याच्या पंजात ती खोचली. जरा तिरकी बसली.

"काकू, बघा. आता नाही भिजणार."

"आणि बेडूक?" तिने डोळे पुसत विचारलं.

"त्याला भिजायला आवडतं हो!"

ती हसली. सगळं अंग हलत असताना तिचे डोळे तेवढे माझ्यावर स्थिर राहिले. मी वळून पाहिलं, तर तो तिथे नव्हता.

स्वयंपाकघरात तो ओट्याला टेकून उभा होता. नळ उगाचच सोडलेला.

"हा आजार आजीला होता," तो पाठमोराच म्हणाला. "मग आईला झाला. चाळिशीच्या आत सुरू झाला. आधी बोटं, मग चालणं, मग… माणूसच बदलत जातं. औषध नाही."

मी नळ बंद केला. "आणि तुला?"

"निम्मी शक्यता. रक्त तपासलं की कळतं. मी तपासलेलं नाही." तो वळला. "एकशे चव्वेचाळीसात एक कधी मिळत नाही, म्हणून लोक रडतात. दोनात एक काय असतं, ते मला विचार."

"तू मला आवडतोस," मी म्हणाले. असं, त्या खरकट्या भांड्यांसमोर, काहीही तयारी नसताना.

त्याने डोळे मिटले. "माहीत आहे. म्हणून तर… उद्यापासून बाकावर येऊ नकोस."

"का? तुला नाही आवडत मी?"

"आवडतेस, म्हणूनच."

मी गेले तरीही. रोज गेले. तो आला नाही. फोन उचलला नाही. मग मीही जायचं सोडलं, डब्या घ्यायचंही सोडलं. दुपारची सुट्टी आमच्या चष्म्याच्या दुकानातच, काचा पुसत काढायची. पाऊस लांबतच गेला. भिंतींना ओल धरली, कपडे वाळेनात. बाबांनी एकदा जेवताना विचारलं, "आज काही उघडायचं नाही का?" मी मान हलवली.

आणि एका दुपारी तो दुकानात आला. गिऱ्हाईक नव्हतं. सरळ येऊन तपासणीच्या खुर्चीत बसला. मी त्याच्या डोळ्यांवर चाचणीची जड चौकट चढवली, एक भिंग बसवलं. दुसरं काही सुचतच नव्हतं.

"वाच," मी म्हणाले.

त्याने समोरच्या अक्षरांकडे बघितलंही नाही.

"आहे," तो म्हणाला.

"काय?"

"तपासून आलो. मला आहे."

माझ्या हातातलं दुसरं भिंग खाली पडलं. गरगरत कुठेतरी गेलं.

"एकटा गेलास?" मी म्हणाले. "मला सांगितलं का नाहीस?"

"काय सांगणार? तुझ्यासाठीच गेलो होतो. नसतं, तर धावत आलो असतो. आहे, तर… निदान समोर येऊन सांगावं म्हटलं. आता तू मोकळी."

"तू कोण मला मोकळं करणारा?" मी त्याच्या डोळ्यांवरची चौकट काढली. त्याचे डोळे लाल झाले होते. "अजून किती वर्षं बरी असतात?"

"कुणी सांगत नाही. दहा असतील… कमी असतील. तू आईला बघितलंयस. बघितलंयस ना?"

"बघितलंय. म्हणून सगळं बघूनच सांगतेय. तुझं काय होणार ते तुझ्या हातात नाही. पण मी कुठे राहायचं, ते माझ्या हातात आहे." मी त्याचा चेहरा दोन्ही हातांत धरला. "मला सोडून राहणं जमलं तुला? खरं सांग."

त्याने कपाळ माझ्या खांद्यावर टेकलं. "नाही जमलं," तो म्हणाला, आणि पहिल्यांदाच माझ्यासमोर रडला.

संध्याकाळी मी त्याला घरी नेलं. तो दाराबाहेर थांबला. मी आत जाऊन टीव्ही बंद केला आणि बाबांना सगळं सांगितलं. आजारासकट.

बाबा उठले. इतके चिडलेले मी त्यांना कधीच पाहिले नव्हते. "डोळे उघडे ठेवून विहिरीत उडी मारतेस? त्याला भरवशील, धुशील, आणि मग? मग एकटी राहशील! एकटं राहणं म्हणजे काय असतं, कळतं का तुला?"

"कळतं, बाबा. तुमच्याकडे बघतेय ना."

ते पुन्हा खुर्चीत बसले. बाहेर पन्हाळीतून पाणी पडत होतं, तेवढाच आवाज.

"तुम्हाला आधीच कुणी सांगितलं असतं," मी हळूच विचारलं, "की आई अशी लवकर जाणार आहे… तर नसतं केलंत लग्न?"

त्यांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाने पुसला, पुन्हा घातला. मग दाराकडे बघून घसा खाकरला.

"त्याला बाहेर का उभं केलंयस?" ते म्हणाले. "आत बोलव. भिजत असेल तो."