पुंगळीवरचा ओरखडा

नॉर्वेतल्या व्होगोच्या खोऱ्यात जुन्या बंदुकीचं काही अडलं की माणसं तोरिलच्या शेडमध्ये येत. ज्यांची काडतुसं करणारे कारखाने कधीच मिटले, अशा बंदुकांना ती काडतुसाच्या पुंगळ्या करून द्यायची. लांब पितळी पुंगळी कापायची, साच्यात दाबायची, तोंड तापवून मऊ करायचं. शेवटचा आकार मात्र बंदूकच देते. पहिला बार उडाला की पितळ फुगतं आणि नळीच्या पोटाचा ठसा अंगावर घेतं.

शेजारच्या ऑदव्हारने पुंगळ्यांसाठी आणून ठेवलेल्या, त्याच्या आजोबांच्या बंदुकीत आतून एक खोच होती. तिच्यातून उडालेल्या प्रत्येक पुंगळीवर तिरका ओरखडा उमटे.

एका सकाळी कोऱ्या पुंगळ्यांच्या ताटलीत तोरिलला एक ओरखड्याची सापडली. तोंड काळं, दारूचा वास ताजा.

संशय सरळ नवऱ्यावर गेला. आन्सगरचा एक डोळा गेलेला, दुसऱ्याचा पडदा कसाबसा टिकवलेला. खांद्याला एक दणका बसला तरी उरलेलं दिसणं जाईल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. बंदूक सोडल्याची त्याने तिच्यापाशी शपथ घेतली होती.

“बंदुकीला हात लावलास?” त्याच्या वाफलवर तपकिरी चीज ठेवत तिने विचारलं.

“लावला असता तर तुझे हे कागदासारखे पातळ चीजचे काप दिसले असते का मला?”

“थट्टा नको.”

“मग संशय नको, बाई.”

तिने बंदूक कपाटात घातली, किल्ली एप्रनच्या खिशात. तरी दुसऱ्या दिवशी आणखी एक. मग तिने बंदुकीचा मागचा ठोकळाच काढला आणि ऑदव्हारला नेऊन दिला.

“आता ती नुसती काठी,” तो हसला. “आजोबा स्वतः आले तरी बार निघायचा नाही.”

ती परतली तेव्हा ताटलीत तिसरी होती. कोमट.

आन्सगर खिडकीकडे पाठ करून बसला होता.

“सदरा काढ.”

“भरदुपारी? म्हातारपणी सुचतंय तुला.”

उजवा खांदा नितळ होता. दस्त्याचा वळ नाही, काही नाही. तिला इतकं हायसं वाटलं की रडूच आलं.

“आलीच आहेस तर पाठ चोळ जरा,” तो म्हणाला. “गार लागतंय मागे.”

पाठीवर तीन निळे गोल होते, गोळीएवढे. पहिला पार कमरेच्या कडेला. दुसरा त्याहून आत. तिसरा वर, कण्याला लागून.

अनोळखी बंदूक हाती आली की नेमबाज असाच नेम सरकवत आणतो.

“काय गं, गप्प का?”

 त्याच्या पाठीला पाठ लावून, खिडकीकडे तोंड करून ती उभी राहिली.

थोड्या वेळाने एप्रनच्या आत, छातीवर, एका जागी तिला गार लागलं.