वास गेला, ताई

ही घडलेली गोष्ट आहे. जिच्या बाबतीत घडली ती शिल्पा रसायनशास्त्र शिकलेली. मोजता येत नाही त्यावर ती बोलत नाही. म्हणूनच हे सांगायला तिला वेळ लागला.

रात्र नव्हती. सर्वपित्री अमावास्येची भर दुपार होती. हैदराबादला, कुकटपल्लीच्या पुढे, औषधांची रसायनं बनवणारा एक कारखाना.

तिथलं विषारी सांडपाणी एका बंद टाकीत जायचं. आत हवा नाही. हवेशिवाय जगणारे जंतू ते विष हळूहळू खायचे. त्यांची देखभाल शिल्पाकडे. त्यातून वायू निघायचा, कुजक्या अंड्यांच्या वासाचा.

टाकीशेजारी गाळाचा खड्डा होता. खोल.

मागच्या वर्षी अंबाजी त्यात उतरला. भालकीकडचा जुना माणूस. खालून ओरडून म्हणाला, "वास गेला रे! साफ आहे!"

वास गेला नव्हता. हा वायू वाढला की आधी नाक मारतो... मग माणूस.

तेव्हापासून झाकणाला कुलूप. किल्ली ऑपरेटर युवराजच्या करगोट्याला.

"ताई, बायको एवढी चिकटून राहत नाही," तो म्हणायचा.

"बायकोला विचारते हं," शिल्पा म्हणायची.

त्या दुपारी अमावास्येच्या सुट्टीमुळे प्लांट ओस होता. गाळाचा पंप अडकला. "बघून येतो," म्हणून युवराज गेला.

परतलाच नाही.

शिल्पा धावली. घाईत विषारी वायू मोजणारा मीटर टेबलावरच राहिला.

खड्ड्याचं झाकण... उघडं होतं.

"युवराज!"

खाली अंधार. वास मात्र असा की डोळ्यांत पाणी आलं.

"युवराज, आहेस का?"

"आहे ना, ताई."

तिचा जीव भांड्यात पडला. आवाज जरा बसलेला वाटला, पण खड्ड्यात तसा वाटतोच.

"वर ये आधी! कुणाला विचारून उतरलास?"

"पाय अडकलाय. हात द्या जरा."

आत पडलेल्याला काढायला जातो तोही मरतो, हे तिनेच सगळ्यांना शिकवलेलं. पण हा तर बोलत होता. धडधाकट बोलत होता. दोन लेकरांचा बाप.

तिने शिडीवर पाय ठेवला.

"या, ताई..."

दुसरा पाय.

"वास गेला, ताई. साफ आहे."

ती थबकली.

खरंच... वास नव्हता.

आत्ताच तर डोळे झोंबत होते. आता काहीच नाही. स्वच्छ, थंड, काहीच नाही.

ती कशीबशी वर आली आणि सिमेंटवर कोसळली. डोकं गरगरत होतं.

"अरे ताई! क्या हुआ?"

आवाज मागून आला होता.

गेटकडून युवराज पळत येत होता. हातात पत्रावळ, तिच्यावर वडे.

"तू... खाली..."

"मैं? नहीं ताई, मैं उतराइच नहीं! गेटवर वॉचमनने पितरांचा घास दिला, तेवढा घ्यायला थांबलो." मग त्याची नजर खड्ड्याकडे गेली. पत्रावळ हातातून सुटली. "झाकण कुणी उघडलं?"

कुलूप बाजूला पडलं होतं. तुटलेलं नव्हतं, उघडलेलं होतं.

किल्ली युवराजच्या करगोट्यालाच होती.

नंतर मीटर दोरीने खाली सोडला. मीटरचा भोंगा किंचाळतच राहिला. टॉर्चच्या उजेडात खाली फक्त गाळ दिसला. माणूस नव्हता.

शिल्पाने ती नोकरी सोडली. आता अंबरपेठेत घराजवळच्या शाळेत शिकवते. तिच्या मोरीला नाल्याचा वास येतो. घरमालक म्हणतात, प्लंबर पाठवतो. ती नको म्हणते. वास आहे तोवर तिला झोप लागते.

परवा दुपारी ती भाजी चिरत होती...

आणि वास थांबला.

विळी तशीच टाकून ती श्वास रोखून अनवाणी रस्त्यावर आली. अजून घरात गेलेली नाही. शेजारीण म्हणते, "आत कुणीतरी आहे वाटतं. मोरीतून आवाज येतो... ताई, ताई म्हणून."