कॅमेऱ्याच्या डावीकडे

तो मला पहिल्यांदा दिसला तेव्हा गोठ्याच्या पत्र्यावर उभा होता आणि माझ्यावर ओरडत होता.

"ओ बाई! वायरीवरनं पाय काढा! मरायचं हाय का?"

मी पाय काढला आणि रागाने वर पाहिलं. तीन मालिका झाल्या होत्या माझ्या. रस्त्यात बायका थांबवून हात हातात घ्यायच्या. आणि मला 'ओ बाई' म्हणणारा हा कोण टिकोजीराव?

तो धम्मदीप. कन्हेरीचा. इंदापूरला एसटी स्टँडसमोर त्याचं टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं. १९९३च्या जानेवारीत सांगवीला, आप्पासाहेब नावाच्या बागायतदाराच्या मळ्यात आमच्या तेरा भागांच्या मालिकेचं शूटिंग लागलं. तिथली वीज मोठी लहरी, म्हणून लाइटकडे बघायला त्याला रोजावर ठेवलं होतं.

आज मी साठी ओलांडली आहे. मुलाखतीला येणाऱ्या मुली त्याच मालिकेतला एक प्रसंग हटकून काढतात, शेवटच्या भागातला, उसाच्या बांधावरचा. "राजेश्वरी मॅडम, ते डोळे! ऋषिराज सरांकडे तुम्ही असं कसं पाहिलंत?" मी हसते. इतकी वर्षं या धंद्यात काढल्यावर हसू नेहमी हाताशी असतं. खरं सांगायचं तर माझा नायक ऋषिराज तेव्हा तिथे नव्हताच.

त्याचं असं असतं. नायक-नायिकेचा प्रसंग आधी दोघांना एकत्र घेऊन होतो, मग एकेकाचा चेहरा जवळून टिपतात. माझ्या चेहऱ्याच्या वेळी समोरच्या नटाने कॅमेऱ्याला खेटून उभं राहायचं आणि आपली वाक्यं म्हणायची. याला क्यू देणं म्हणतात. पण ऋषिराजचे नाटकाचे प्रयोग असायचे. तीन वाजले की स्वारी पुण्याच्या गाडीत! मग सहायक क्यू द्यायचा, तोही तलाठ्याने सातबारा वाचावा तसा.

"मी वाचू का?" एक दिवस पत्र्यावरून आवाज आला.

त्याने वाचलं. गावात भीमजयंतीच्या नाटकात तो दरवर्षी काम करायचा, हे मला नंतर कळलं. तेव्हा एवढंच कळलं, की कॅमेऱ्याच्या डावीकडे कोणीतरी उभं आहे आणि ते माझ्याशी बोलतंय… खरंच बोलतंय.

मग रोजच तो क्यू देऊ लागला.

"वाक्याच्या आधी तुमी डोळं मिटता," तो एकदा म्हणाला.

"तुम्ही लाइट बघा. डोळे नका बघू."

"डोळ्यांतच तर बघावा लागतोय लाइट… पडतोय का न्हाय त्ये."

मी तोंड फिरवलं, म्हणजे हसू दिसायला नको. मेकअपवाली बाई मात्र सगळं बघत होती.

दुसऱ्या दिवशी त्याने रुमालात गरम हुरडा आणला. "खावा. आन् ऋषिराज सायबास्नी दिऊ नगा. त्यांना पचायचा न्हाय."

"आणि मला पचेल?"

"तुमचं मला काय म्हाईत?" त्याने रुमालाची गाठ सोडली. "तुमच्या घरी चालंल का?"

"काय?"

"…हुरडा."

हुरड्याबद्दल तो विचारत नव्हता, आणि ते आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. आमच्या पुण्याच्या घरी पाहुण्याला पाणी द्यायच्या आधी आडनाव विचारत. धम्मदीप म्हटल्यावर आडनावाचीही गरज पडली नसती. मी हुरडा खाल्ला आणि उत्तर गिळलं.

दिवसभर तो मला दुसऱ्याने लिहिलेलं प्रेम ऐकवायचा. संध्याकाळी वायरी गुंडाळताना मात्र तोंडातून शब्द निघायचा नाही. मी उगाचच पाणी मागायचे, पदराची पिन हरवल्याचं सांगायचे. तो बॅटरी घेऊन मातीत पिन शोधायचा. पिन माझ्या मुठीत असायची. प्रेमात पडले होते मी त्याच्या, आता कशाला आडपडदा ठेवू?

शेवटच्या दिवशी तो बांधावरचा प्रसंग होता. माझ्या भूमिकेचं नाव सारजा. नायक विचारतो, "सारजा, माझ्यासंगं येशील?" आणि बापाच्या धाकाने सारजा म्हणते, "न्हाई. तुमी जावा. माझी वाट बघू नगा."

ऋषिराज नेहमीप्रमाणे गेला होता. ऊन उतरत होतं. दिग्दर्शकांनी बजावलं, "एकच टेक मिळेल. नंतर उजेड नाही."

कॅमेरा सुरू झाला. मी डावीकडे पाहिलं. त्याच्या हातात कागद होता, पण तो कागदाकडे बघत नव्हता.

"राजेश्वरी," तो हळूच म्हणाला, "उद्या सकाळी इंदापूरच्या स्टँडवर थांबतो. माझ्यासंगं येशील?"

क्यूचे शब्द पुढे कापलेच जातात, त्यामुळे कोणाचं लक्ष नव्हतं. माझं होतं. पहिल्यांदाच त्याने मला नावाने हाक मारली होती. डोळे भरून आले, ग्लिसरीनचा थेंब नसताना. मला थांबता आलं असतं. पण माझ्यातल्या नटीला कळलं, असा टेक पुन्हा व्हायचा नाही. आणि वडिलांचा चेहराही आठवला. त्या नटीच्या पाठीमागे मी लपले.

"न्हाई… तुमी जावा. माझी वाट बघू नगा."

"कट! ओके!"

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. त्यानेही वाजवल्या. मग कागदाची घडी करून खिशात घातली आणि वायरी गुंडाळायला गेला. मी त्याच्यामागे चार पावलं गेले, आणि तेवढ्यात कोणीतरी अभिनंदन करायला हात पुढे केला…

सकाळी आमची गाडी बारामतीहून पुण्याकडे निघाली. इंदापूर पाठीमागे राहिलं.

त्या एका प्रसंगाने माझं नाव झालं. बक्षीस मिळालं, कामांची रीघ लागली. मी स्वतःला सांगत राहिले, त्याला उत्तर समजलंय, विषय संपला. पाच वर्षं हे पुरलं.

१९९८ साली सोलापूरच्या एका कार्यक्रमाला निघाले होते. इंदापूर आलं आणि मी ड्रायव्हरला स्टँडपाशी थांबायला सांगितलं. दुकानाच्या जागी एसटीडी बूथ होता.

"धम्मदीपचं दुकान?" बूथवाला म्हणाला. "त्यो गेला की, ताई. तीन वर्सं झाली. मॅच हुती, कुणाच्या तरी माडीवर अँटेना चढवीत हुता. अँटेनाचा पाइप इजेच्या तारंला टेकला."

सोलापूर राहिलं. मी गाडी कन्हेरीकडे वळवायला सांगितली.

त्याच्या आई, केसरबाई, ओट्यावर ज्वारी पाखडत होत्या. आत बुद्धाच्या आणि बाबासाहेबांच्या तसबिरींखाली त्याचा फोटो होता. हसरा. माझ्याकडे बघून केसरबाईंचा हात थांबला.

"सारजा न्हवं तू?"

मी मान हलवली आणि त्यांच्याजवळ खाली बसले. बराच वेळ त्या माझे डोळे निरखत राहिल्या.

"येक इचारू, बाई? टीव्हीत ते लागलं की त्यो म्हणायचा, आई, ती माझ्याकडं बघतीया. आन् दिसायचा तर त्यो गोरा गडी! आक्खं गाव हसायचं. येडा म्हणायचं. त्याची भन, पिंकी, ती बी चिडवायची. मी बी म्हनलं, लेकरा, खोटं बोलू न्हाय." सुपातली ज्वारी त्या बोटाने चिवडू लागल्या. "त्यो गेला तवापास्नं झोप न्हाय मला. खोटं बोलला का गं त्यो?"

"नाही, आई. मी त्याच्याकडेच बघत होते. तसं मी पुन्हा कोणाकडे बघितलं नाही."

केसरबाईंनी सूप खाली ठेवलं.

"मग आली का न्हाईस? दोन दिस स्टँडवर बसला हुता. मी म्हनलं, तिनं न्हाई म्हनलं न्हवं, ऊठ. तर म्हनला, आई, ते लिवलेलं हुतं. तिचं उत्तर अजून यायचं हाय."

मला रडू आवरेना. पडद्यावर मी सुंदर रडते म्हणतात. तसं काही ते नव्हतं. नाक वाहत होतं, तोंड वाकडं झालं होतं, आणि केसरबाई माझ्या पाठीवरून हात फिरवत होत्या. हात माझ्या पाठीवर ठेवायचं त्यांना काही कारण नव्हतं.

मग त्यांनी आत हाक मारली. "पिंके, भाईर ये. ही बाई काय सांगती ते ऐक."

पिंकी दारात आली. तिचे डोळे त्याच्यासारखेच होते. मी पदराने तोंड पुसलं, उभी राहिले आणि तिच्याकडे बघत म्हणाले, "तुझा भाऊ खरं बोलत होता. आणि माझं उत्तर 'हो' होतं."

"आता सांगता व्हय?" पिंकी म्हणाली, आणि आत निघून गेली.