पदाला कुलूप

ध्रुपद संपलं आणि पडद्यावर पुन्हा ध्रुपदच आलं.

'दिवली लाव गे माये, वाट उजळू दे…'

धारगळच्या देवळाचा मंडप भरलेला. बाहेर पाऊस पत्र्यावर ताल धरून बसलेला. मंडळी पडद्यावरच्या ओळी वाचत जोरात गातायत. कीर्तनाला उभ्या राहिलेल्या विमलताई पुढचं कडवं घ्यायला तोंड उघडतात, तर पडद्यावर — दिवली लाव गे माये. पेटीवाल्यानं ताईंकडे पाहिलं, ताईंनी तबलजीकडे. शेवटी त्यांनी चिपळ्या थांबवल्या आणि देवीकडे वळून हात जोडले.

"मंडळी, माय आज मिणमिणत्या उजेडावर भागवणार नाही असं दिसतंय. तेल संपेल, पण ध्रुपद संपणार नाही!"

सगळा मंडप खळखळून हसला. मी मात्र नाही हसले. पडद्याच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत 'पदमाला' असं लिहिलेलं मला दिसलं होतं, आणि पदमाला माझी होती.

मी भाग्यलक्ष्मी, डिचोलीकडच्या सुर्ल्याची. आम्ही मूळ सावंतवाडीकडचे. बाबा खाणीवर टिपर चालवतात, मी घरी बसून सॉफ्टवेअर लिहिते, आणि दोघांनाही वेड एकच — कीर्तनाचं. जिथे कीर्तन तिथे आम्ही. कीर्तनकारांच्या तोंडून पदं उतरवून घ्यायची, पुन्हा त्यांनाच वाचून दाखवून काना-मात्रा नीट करायची, हा माझा छंद. त्या पदांची मी 'पदमाला' नावाची एक लायब्ररी केली… म्हणजे कपाटातली नव्हे, सॉफ्टवेअरवाल्यांची. आपल्या अॅपला ती जोडायची, पदाचं नाव सांगायचं, की ती पद शोधून देते. एकदा शोधलेलं पद ती जवळच ठेवते, म्हणजे पुन्हा कोणी मागितलं की लगेच हातात. आमच्या भाषेत त्याला कॅश म्हणतात.

मी तडक पडद्यामागे गेले. तिथे लॅपटॉपवर एक तरुण वाकलेला. केस भिजलेले, कपाळावर घाम… की पाऊस, कोण जाणे.

"तुम्ही पदात ध्रुपद घालता?"

"मग? प्रत्येक कडव्यामागून ध्रुपद नको?" तो वर न बघताच म्हणाला. "कीर्तन आहे बाय, बातम्या नव्हेत."

"घाला की! पण माझ्या मूळ पदात कशाला घालता?"

आता त्यानं वर पाहिलं. आणि मला वाटलं, डोळे इतके हसरे असलेल्या माणसाला ओरडायचं तरी कसं… तरी ओरडलेच.

"लायब्ररी तुम्हाला देते ते तिच्याजवळचं मूळ पद. पुढच्या वेळी ती तेच देणार. तुम्ही पद उघडलंत, ध्रुपदं घातलीत. पुन्हा उघडलंत, तर घातलेल्यातच आणखी घातलीत. आज कितीदा उघडलंत?"

"सकाळपासून तालीमच चाललीय…" त्याचा आवाज बारीक झाला.

"मग भोगा!"

त्यानं अॅप बंद करून पुन्हा चालू केलं. कॅश रिकामी झाली, पद मूळ रूपात आलं, विमलताईंनी सुटकेचा श्वास टाकून कडवं उचललं. मी वळणार, तेवढ्यात मागून आवाज आला.

"चूक माझी. पण एक विचारू? फक्त वाचायलाच द्यायचं होतं, तर आत हात घालता येईल असं का दिलंत? दार सताड उघडं ठेवायचं, आणि आत आलेल्याला चोर म्हणायचं?"

राग आला. कारण तो बरोबर होता.

"तक्रारीसाठी नंबर तरी द्या," तो म्हणाला. "मी मंगेश. माझ्या खूप तक्रारी असतात."

*

घरी आल्यावर मी पदांना कुलूप घातलं. वाचा, गा, पडद्यावर दाखवा. पण मूळ पद बदलायला गेलात तर अॅप तिथल्या तिथे थांबेल आणि कुठल्या ओळीनं हात घातला तेही सांगेल. काही घालायचं-काढायचं असेल, तर आपली वेगळी प्रत करून घ्या आणि तिच्यात हवं ते करा. नवी आवृत्ती बाहेर काढली आणि मंगेशला कळवलं, 'दार लावलं.'

'मग आता बेल वाजवू?' त्याचं उत्तर आलं.

बेल रोज वाजायला लागली. कधी तक्रार असायची, कधी नुसती विचारपूस… मग एखादं पद, मग ते पद ऐकायला डिचोलीच्या कीर्तनाला येणं. तो पुरुषांत बसे, मी बायकांत. समेवर त्याची मान आणि माझी मान एकदम डोलली की मी घाईघाईनं देवाकडे बघायची. देवाला सगळं ठाऊक होतं, ती गोष्ट वेगळी.

मग एक दिवस जयवंतसरांचा फोन आला. मंगेश त्यांच्याच कंपनीत. मांद्र्याला कीर्तन महोत्सव भरणार होता. पेडणे आणि डिचोली, दोन्हीकडचे कीर्तनकार माझ्या पदमालेतून गाणार होते, आणि अॅप सरांचं होतं.

"मॅडम, तुमच्या नव्या आवृत्तीनं आमचं अॅप पद उघडताच बंद पडतंय. ते कुलूप काढा."

"बंद पडतंय म्हणजे तुमचा कोड मूळ पदं बदलतोय, सर. तो सुधारा."

"कुलूप कशाला? माहितीच्या पानावर एक सूचना लिहा — कृपया बदलू नये. झालं!"

"फुलं तोडू नयेत अशी पाटी असलेल्या बागेत तुम्ही कधी फूल बघितलंय, सर?"

"तर मग पदमालाच काढावी लागेल आम्हाला. महोत्सवाला दुसरं काहीतरी बघू."

मी फोन ठेवला. एवढी वर्षं जमवलेली पदं पहिल्यांदा एवढ्या मोठ्या मंडपात उभी राहणार होती… आणि मीच नाही म्हटलं होतं.

दुसऱ्या दिवशी भर पावसात मंगेश सुर्ल्याला आला. बाईक लाल चिखलानं गुडघाभर माखलेली.

"ये रे झिला," बाबांनी त्याला आत घेतलं. "आदी चाय घे. भांडाण काय मगे घालूक येता."

चहा आणि उंडा पाव समोर ठेवून बाबा मुद्दाम मागच्या दारी गेले. मंगेश कपाकडे बघत राहिला.

"अगो, आम्ही मूळ पदात काय घालतो ते सर सांगायचे नाहीत तुला. मी सांगतो. रिसॉर्टचं नाव. महोत्सवाचे जाहिरातदार ते. शेवटच्या ओळीखाली त्यांचं नाव, पदाच्याच अक्षरांत."

शेवटच्या ओळीत पद रचणाऱ्याचं नाव येतं. त्या नावापाशी कीर्तनकार हात जोडतो. आणि त्याच्या खाली रिसॉर्ट!

"लोक ते गातील, मंगेश! पडद्यावर येईल ते सगळं गातात लोक!"

"ठाऊक आहे. सर म्हणतात, तुझी लायब्ररी घे, आपल्याकडे तिचं कुलूप फोड, आणि चालव."

"तू काय म्हणालास?"

"म्हटलं… तुला विचारून येतो."

बाहेर ओल्या खनिजाचा टिपर घरघरत गेला.

"मला विचारून?" मी म्हटलं. "म्हणजे मी नको म्हटलं तर माझ्यासाठी नाही फोडणार, आणि हो म्हटलं तर फोडशील? तुझं स्वतःचं काही म्हणणंच नाही? मग जा. मला विचारणारा माणूस नको, मंगेश. जे वाटतं ते तोंडावर सांगणारा हवा."

तो उठला. बाईकचा आवाज पावसात विरून गेला.

"गेलो तो?" बाबा आत डोकावले. "चाय थंयच ऱ्हवली मरे."

*

महोत्सवाच्या सकाळी मी बाबांबरोबर मांद्र्याला गेले. पदमाला पडद्यावर नसणार, हे कीर्तनकारांना मीच जाऊन सांगायला हवं होतं. मंडपाला नव्या कापडाचा वास, पलीकडे समुद्राची गाज. विमलताई पेटीशी सूर जुळवत बसलेल्या. मंगेश लॅपटॉपपाशी होता. आमची नजरानजर झाली… मीच वळवली.

जयवंतसर हसत पुढे आले.

"मॅडम, शेवटचं विचारतो."

"शेवटचंच सांगते, सर. कुलूप निघणार नाही. तुम्हाला पदमाला नको, तर खुशाल काढा. पण पदमालेचं नाव लावून पदं बिघडवू देणार नाही. आज एवढ्या मंडपात उभं राहायची माझी हौस राहिली तर राहू दे. पदाला रिसॉर्टच्या दारात उभं करणार नाही मी."

आवाज चढला होता. बायका फुलांचे हार सोडून बघायला लागल्या. हळू बोलायची इच्छाच नव्हती.

"बरं," सर मागे वळले. "मंगेश, कुलूप फोडलेली आवृत्ती लाव."

मंगेश उभा राहिला.

"नाही, सर."

"काय?"

"तसली आवृत्ती मी केलीच नाही. कुलूप तसंच आहे. मी आपला कोड सुधारला. पद उघडलं की त्याची प्रत करून घेतो, ध्रुपदं त्या प्रतीत. रिसॉर्टचं नाव पडद्याच्या खालच्या पट्टीत, वेगळ्या रंगात. पदात नाही."

"हे कोणाला विचारून केलंस?"

"कोणालाच नाही." तो सरांशी बोलत होता आणि बघत माझ्याकडे होता. "मला बरोबर वाटलं ते केलं. तुम्हाला मान्य नसेल तर नोकरी तुमची. पण पदात नाव घालायचं तर ते दुसऱ्या कोणाच्या हातानं घाला."

मंडपात पेटीचा एक सूर तेवढा लांबत राहिला. मग विमलताईंनी भाता सोडला.

"जयवंतराव, पदात दुकान घालायचं असेल तर पडदा गुंडाळून घ्या कसे. मला पाठ येतं सगळं. बाकीच्या बुवांनाही सांगते."

सरांनी ताईंकडे पाहिलं, रिकाम्या पडद्याकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं.

"पट्टी… जरा जाड तरी ठेव," ते पुटपुटले आणि फोन कानाला लावून निघून गेले.

मंगेशनं पद उघडलं, बंद केलं, पुन्हा उघडलं, पुन्हा पुन्हा. कडव्यामागून ध्रुपद, एकदाच. मूळ पदाला धक्का नाही. मी त्याच्या शेजारी जाऊन कधी उभी राहिले, मलाच कळलं नाही.

"त्या दिवशी चहा न घेता गेलास," मी म्हटलं.

"घशाखाली उतरला नसता." त्यानं लॅपटॉप बाजूला सरकवला. "आणखी एक केलंय न विचारता. रागावशील."

"काय?"

"आईशी भांडलो. आमच्यात लग्नात सुनेचं नाव बदलतात ना, ताटात तांदूळ पसरून अंगठीनं नवं नाव लिहितात. आईनं नाव शोधूनसुद्धा ठेवलेलं. मी म्हटलं, ताट आण, तांदूळ आण, पण त्यात भाग्यलक्ष्मीच लिहिणार."

"मी अजून हो कुठे म्हटलंय?"

"म्हणून तर आधीच भांडून घेतलं. तू हो म्हटल्यावर मग भांडायला सुचलं नसतं."

हसू आवरेना. डोळेही भरून आले. दोन्ही एकदमच कसं यायचं…

"आणि आई काय म्हणाल्या?"

"रुसल्यात. पण विचारत होत्या, मुलीला कीर्तनाची आवड आहे का."

मंडळी जमायला लागली होती. बाबा पहिल्या रांगेत, पलीकडे जयवंतसर, विमलताई बुक्का लावून उभ्या. त्या सगळ्यांच्या देखत मी मंगेशसमोर उभी राहिले. घाईघाईत त्यानं शर्टाचं बटण भलत्याच काजात अडकवलं होतं. मी ते सोडवलं. आणि कोण काय म्हणेल याची पर्वा न करता, सावकाश, नीट लावलं.