टाच न टेकलेलं पाऊल

सोमवारी सकाळी बाळासो शिपायानं प्रयोगशाळेचं दार उघडलं आणि झाडू तिथंच टाकून तो व्हरांड्यात पळत आला.

"शाहिस्ताबाई, डॉक्टर परत येऊन गेल्यात!"

शाहिस्ता आत गेली. जमिनीवर अंथरलेल्या लांब पांढऱ्या कागदाच्या पट्टीवर काळ्या शाईची सोळा पावलं उमटली होती. उजवं पाऊल पुरं. डाव्याची नुसती बोटं आणि चवडा. टाच टेकलेलीच नाही.

विद्यापीठाच्या या प्रयोगशाळेत पाऊल आणि घोट्याचा अभ्यास चाले. लोकांच्या तळव्यांना शाई लावायची, त्यांना पट्टीवर चालवायचं आणि दोन पावलांतलं अंतर टेपनं मोजायचं, हे तिचं अकरा वर्षांचं काम. हजारो पावलं तिनं बघितली होती, पण असं डावं पाऊल एकाच माणसाचं. लहानपणी पोलिओ झालेल्या डॉ. वीरभद्रांचं. प्रयोगशाळा त्यांनीच उभी केली होती. चौदा महिन्यांपूर्वी ते कुरुंदवाडला म्हणून गेले ते गेलेच. स्कूटर नदीच्या संगमावर सापडली, माणूस सापडला नाही.

आणि आता हा सलग तिसरा सोमवार.

बातमी कळताच डॉक्टरांच्या पत्नी शांभवीवहिनी आल्या. पट्टीशेजारी बसल्या आणि डाव्या पावलावरनं हलकेच हात फिरवू लागल्या. पायांत जोडवी होती.

"शाहिस्ता, मी कोण गं? सवाष्ण का विधवा? सासूबाई रोज त्यांचं ताट वाढतात. भाऊ म्हणतो, जोडवी काढ. हे जिते असतील तर घरी का येत नाहीत? आणि मेले असतील तर इथं कशाला येतात?"

शाहिस्तानं त्यांना हाताला धरून उठवलं आणि खुर्ची दिली.

दहा वाजता फौजदार हंबीरराव आले.

"किल्ल्या किती?"

"तीन. माझी, बाळासोची आणि बसवेश सरांची."

"काल रविवारी कुठं हुता?"

"घरी. माहेरची माणसं आली होती."

"संशय पयला तुमच्यावरच येतोय बरं का. पावलांतलं समदं तुमाला ठावं." मग त्यांनी सुस्कारा सोडला. "यंदा मे महिन्यात पाणी खोल गेलंय, म्हणून कुरुंदवाडकडच्या सात विहिरी उपसायचं ठरलं हुतं. आता माणूस चालतोय म्हटल्यावर वरनं हुकूम आला, थांबा. चालत्या माणसाला विहिरीत कशाला हुडकायचं?"

तेवढ्यात डॉ. बसवेश आले. उंच, शिडशिडीत. डॉक्टरांचे विद्यार्थी आणि आता प्रयोगशाळेचे प्रमुख. हुपरीच्या चाळीस चांदी कारागिरांच्या चालीवर त्यांनी पीएचडी केली होती. डॉक्टर हरवले तेव्हा नदीकाठ शोधताना वाटही त्यांनीच दाखवली होती, कारण त्यांचा मळा तिकडंच.

"पावलं डॉक्टरांचीच आहेत," ते म्हणाले. "त्यांच्या पायाच्या जुन्या प्लास्टरच्या साच्याशी ताडून बघितली. रेषेला रेष जुळते."

सगळे गेल्यावर शाहिस्ता एकटीच उरली. पंखा घरघरत होता. भीती वाटत होती, पण हात सवयीचे गुलाम. तिनं टेप काढला. दोन पावलांतलं अंतर एकाहत्तर सेंटिमीटर. डॉक्टरांची सहा वर्षांपूर्वीची पट्टी काढली. अठ्ठेचाळीस. मग पावलाची लांबी मोजली. नवं पाऊल जुन्यापेक्षा सात मिलिमीटरनं आखूड, पण प्लास्टरच्या साच्याएवढंच अगदी.

भूत काय आटतं?

मग तिला डॉक्टरांची शेवटची संध्याकाळ आठवली. "शाहिस्ता, तुझा टेप ठेवून जा," म्हणाले होते, आणि हुपरीच्या पट्ट्या पसरून बसले होते. तिनं कपाट उघडलं. चौदा महिन्यांची धूळ झटकून पहिली पट्टी सोडली, मग दुसरी, मग दहावी. प्रत्येकीखाली डॉक्टरांच्या पेन्सिलीनं एकच आकडा. तिनं हंबीररावांना फोन लावला.

दुसऱ्या दिवशी दुपारी सगळे जमले. वहिनी खुर्चीत, बाळासो दाराशी.

"बसवेश सर, एकदा पट्टीवर चाला की," शाहिस्ता म्हणाली.

"मी? कशाला?"

"समद्यांचीच घेतोय," हंबीरराव म्हणाले. "चला, काडा चपला."

बसवेश चालले. शाहिस्तानं टेप लावला. एकाहत्तर.

"साहेब, भुताचंही अंतर एकाहत्तरच. डॉक्टर लंगडत चालायचे, त्यांचं अठ्ठेचाळीस. सर, तुम्हाला पाऊल कळतं. साचे करायचं काम तुमचं. पण अंतर मोजायचं काम माझं, आणि तिकडं तुम्ही कधी बघितलंच नाही."

"उंच माणसं गावात हजार असतील!" बसवेश उसळले.

"असतील की. पण साचा माणसाला खुर्चीत बसवून घेतात. बसलेल्या पायावर भार नसतो. उभं राहिलं की पाऊल पसरतं, म्हणून तर चप्पल उभं राहून घ्यायची. डॉक्टर खरंच चालले असते तर पाऊल जुन्या पट्टीशी जुळलं असतं. ते साच्याशी जुळलं. त्या साच्यातनं कुणीतरी रबराचे तळवे ओतले आणि स्वतःच्या पायाला बांधले. डॉक्टरांच्या साच्यात करंगळीच्या खोबणीत रबराचा तुकडा अजून आहे."

"आणि हे बघा." तिनं हुपरीच्या पट्ट्या सोडल्या. "चाळीस माणसं. कुणी बुटका, कुणी म्हातारा. आणि सगळ्यांचं अंतर एकच. एकाहत्तर. डॉक्टरांनी स्वतः मोजून लिहिलंय. ती चाळीस माणसं चाललीच नाहीत सर. तुम्ही चाललात."

बसवेश मटकन खाली बसले.

"कारागीर हातातलं काम सोडून उठंनात," ते पुटपुटले. "म्हणाले, बसल्या जागी काय घ्यायचं ते घ्या. साचे मिळाले. चाल कुठनं आणू? एकेकाचे तळवे ओतून मीच चाललो. डॉक्टर मळ्यात आले, म्हणाले प्रबंध मागं घे. विहिरीच्या काठावर झटापट झाली. त्यांची डावी टाच टेकत नाही हे मला ठाऊक होतं. तरी ढकललं."

"मग?" हंबीररावांचा आवाज खाली आला होता.

"हाका मारत होते. मी उसातनं चालत सुटलो. हाका थांबल्यावर आलो आणि दगड बांधून तळाला सोडलं. स्कूटर संगमावर नेऊन लावली. सात विहिरींत माझी चौथी होती, म्हणून पावलं काढली."

"मग ह्या पट्ट्या का जाळल्या न्हाईस?"

"कपाट उघडायचं भ्या वाटायचं, साहेब. उघडलं की हाका ऐकू येतात."

वहिनी रडल्या नाहीत. नुसत्या उठल्या आणि बाहेर जाऊन उन्हात उभ्या राहिल्या.

दोन दिवसांत चौथी विहीर उपसली. डाव्या पायाच्या उंच टाचेच्या बुटावरनं ओळख पटली. त्यांच्या समाजाच्या रीतीप्रमाणं, दहन न करता, डॉक्टरांना घरच्या मळ्यात बसवून माती दिली.

महिन्याभरानं वहिनी प्रयोगशाळेत आल्या.

"माझी पावलं घे. लग्नानंतर यांनी पहिली माझीच घेतली होती."

शाहिस्तानं तेव्हाचा नोंदीचा कागद काढला. शेऱ्यात डॉक्टरांचं अक्षर होतं, 'जोडवी काढण्यास नकार'. वहिनींनी तो वाचला आणि जरा हसल्या. मग स्टुलावर बसून त्यांनी एकेक जोडवं ओढून काढलं आणि शाहिस्ताच्या तळहातावर ठेवलं. बोटांवर पांढरे वळ राहिले होते.

शाई लावली. वहिनी पट्टीवरनं चालत गेल्या. डॉक्टरांपेक्षा वीतभर उंच बाई ती, नवी नवरी होती तेव्हाच्या पट्टीवर अंतर अडुसष्ट होतं.

शाहिस्तानं टेप लावला. मग पुन्हा लावला.

"किती आलं गं?" वहिनींनी विचारलं.

"अठ्ठेचाळीस."

वहिनींनी मागं वळून त्या पावलांकडं बघितलं.

"एकवीस वर्षं," त्या म्हणाल्या. "यांना मागं टाकून पुढं जायला नको म्हणून."