चालून दाखवा

ज्यानं माझी पावलं पहिल्यांदा नीट पाहिली, त्यानं तोवर माझ्या तोंडाकडं बघितलंसुद्धा नव्हतं.

बारामतीत भिगवण चौकाजवळ चालता चालता बुटाचा तळ सुटला. बूट दादाचे. पुढं कापूस कोंबून मी ते वर्षभर पळायला घालत होते. समोर खेळाच्या सामानाचं दुकान दिसलं, तशी फरफटत आत शिरले.

"चिकटवून मिळंल का हो?"

काउंटरमागच्या तरुणानं बूट हातात घेतला, उलटा केला. पत्र वाचावं तसा तळ वाचत राहिला. मग दुसराही मागून घेतला.

"नडगी दुखती का? आतल्या अंगानं?"

मी चमकले. हे तर मी आईलाही बोलले नव्हते. "तुमाला कुणी सांगितलं?"

"ह्यांनी." त्यानं दोन्ही बूट माझ्यापुढं धरले. आतली कड झिजून गुळगुळीत, बाहेरची जवळजवळ कोरी. "जरा… चालून दाखवता का?"

माझं डोकंच फिरलं. गेल्या महिन्यात निमगाव केतकीला, आमच्या घरी, बघायला आलेल्या पाहुण्यांनी हेच म्हटलं होतं. पोह्यांच्या बशा ठेवून मी भिंतीपासून दारापर्यंत चालले आणि मुलाची आत्या हळूच, पण सगळ्यांना ऐकू जाईल अशी बोलली, "पाय आत पडत्यात पोरीचे." नकार आला. आबांनी, माझ्या वडिलांनी, लगेच पुढचं स्थळ हुडकायला घेतलं. मी म्हटलं, वर्षभर थांबा, मला पळायचंय. तेव्हा आबा म्हणाले, "बारामतीची धा किलोमीटरची शर्यत न लंगडता पुरी कर. वरीसभर दारात पाहुणा न्हाय आणत. न्हाय जमलं, तर तुळशीचं लगीन झालं की तुझा बार उडवायचा."

शर्यतीला महिना होता आणि माझी नडगी तिसऱ्याच किलोमीटरला पेटायची.

"मला न्हाय चालायचं," मी म्हटलं. "चिकटवायचं असलं तर सांगा."

त्यानं पहिल्यांदा वर बघितलं. डोळ्यांत चेष्टा नव्हती, नुसतं कुतूहल… पाटाचं पाणी कुठल्या सरीत वळतंय ते बघणाऱ्या माणसासारखं.

"खोट न्हाय काढायची मला," तो म्हणाला. "घोटा कुठं कलतो, तेवढं बघायचंय. त्याबिगर बूट कसा शोधू?"

मी चालले. रागानंच. तो फरशीवर उकिडवा बसून मागून बघत होता.

"पाऊल टेकलं की घोटा आत कलतो. सगळ्यांचाच थोडा कलतो. पाऊल अंगाचा भार झेलतं ना, तसं. तुमचं जरा जास्तच झेलतंय, एवढंच."

जास्तच झेलतंय… माझ्या पावलाबद्दल इतकं चांगलं आजवर कुणी बोललं नव्हतं.

मग त्यानं माझा पाय पाण्यात बुडवून खोक्याच्या झाकणावर ठेवायला लावला. ठसा उमटला. गौरी आणताना आई दारात पावलं काढते, त्यांना मधे बारीक कंबर असते. माझ्या पावलाला कंबरच नव्हती! आम्ही दोघं त्या ओल्या ठशावर वाकलो होतो. ठसा वाळेपर्यंत तसेच बघत राहिलो.

"हा द्या," मी एक मऊ, लोण्यासारखा बूट दाबून म्हटलं.

"त्यात पाऊल आणखी आत बुडंल. तुमाला आतली कड घट्ट पायजे. टाच धरून ठेवणारा पायजे. आणि बायकांच्या मापाचा. बायकांची टाच निमुळती असती, दादाच्या बुटात ती डुगडुगतीय."

"तुमी लई टाचा बघितलेल्या दिसताय."

त्याचे कान लाल झाले. "…धंदाच हाय माझा."

माझ्या मापाचा तसा बूट दुकानात नव्हता. पुण्याहून मागवावा लागणार होता. त्यानं गाव विचारलं, मी निमगाव सांगितलं.

"बाजाराच्या दिवशी निमगावला घेऊन येतो. संध्याकाळी. दिवसभरानं पाय जरा फुगतो, तवाच माप खरं. तसं तितं माझं काम हाय."

"काय काम?"

"शोधतो… कायतरी." मी निघताना त्यानं नाव सांगितलं. सिद्धू. सांगवीचा.

बाजाराच्या दिवशी आई भाजीची पिशवी घेऊन कालव्याच्या मोरीवर बसली. सिद्धूनं दोन जोड आणले होते. पहिल्यात टाच निसटत होती. दुसरा घातला, तर त्यानं अंगठ्यापुढं बोटभर जागा चाचपली आणि म्हणाला, "पळा."

मी पळाले. तो रस्त्यावर उकिडवा बसून मागून बघत होता. मोटारसायकलवरनं जाणारे एक तात्या थांबले.

"काय रं, हरवलं काय?"

"न्हाय तात्या," माझ्या पायांवरची नजर न काढता तो म्हणाला, "सापडलं."

मी परत आले. "कसा वाटतोय?" त्यानं विचारलं.

"काहीच वाटत न्हाय."

"मग हाच. बूट हाय ह्याचा इसर पडला पायजे. पण आठवडाभर थोडंच पळा. दुखायचं थांबलं न्हाय, तर बुटाच्या भरवशावर ऱ्हाऊ नका, डॉक्टरला दाखवा."

आई मोरीवरून स्वतःशीच गुणगुणत होती…

नदी वाकडी वाकडी, तिला ठेवी ना कुणी नाव,
माझ्या लेकीच्या पावलाला, घावू दे तिचा गाव.

शर्यतीच्या दिवशी तिसऱ्या किलोमीटरला मी दुखण्याची वाट बघत होते. आलं नाही. आठव्याला जरा कुरकुरलं आणि मागं राहिलं. शेवटच्या कमानीखाली आबा उभे होते. त्यांनी तोंडाकडं नाही, पायांकडं बघितलं.

"लंगडली न्हाईस."

"न्हाय आबा."

"बरं. वरीसभर पाहुणा बंद." आणि डोळे पुसायला पाठ फिरवून चहा आणायला गेले.

पाण्याची बाटली घेऊन जवळ आलेल्या सिद्धूचा चेहरा एकदम उतरला.

"वरीसभर… बंद?"

"का? तुमाला काय अडचण?"

"न्हाय, म्हणजे… आईला घेऊन यायचं म्हणत हुतो. तुमच्याकडं. दिवाळीनंतर."

माझं काळीज शर्यतीतही इतकं धडधडलं नव्हतं.

"वरीसभराची मुदत मीच मागितलीय. मोडायची न्हाय."

"मग थांबतो वरीसभर."

"थांबून काय मिळतंय? रविवारी सकाळी पळायला या, कालव्यावर. आई असतीच मोरीवर." मी पाण्याचा एक घोट घेतला. "पण त्याच्या आधी…"

"आधी काय?"

"चालून दाखवा."

तो लाजला. इकडं तिकडं बघत कमानीपासून पलीकडच्या लिंबाच्या झाडापर्यंत चालत गेला. मी उकिडवी बसून मागून बघत होते. पावलं दोन्हीकडं बाहेर फेकलेली, तळ्यातनं नुकत्याच बाहेर आलेल्या बदकासारखी!

"पाय बाहेर पडत्यात तुमचे," मी ओरडले.

तो झाडापाशीच थबकला. "मग… नकार?"

"एकदा बघून कळत न्हाय," मी म्हटलं. "परत चाला."

आणि तो चालू लागला… या वेळी माझ्याकडं तोंड करून.