क्रॅबट्रीच्या चौफुलीवरची हाक

इंग्लंडातल्या हेरफर्डशरकडची सायकलवाली मंडळी दर रविवारी व्यायामासाठी निघतात, असं ती सांगतात. साफ खोटं! ती निघतात केकसाठी. लिटल मार्शमच्या समाजमंदिरात गावातल्या बायका रविवारी चहा ठेवतात, आणि तिथल्या फ्रूटकेकपायी पन्नाशी-साठी उलटलेली शहाणीसुरती माणसं घट्ट चड्ड्या घालून, गारठ्यात नाक पुसत चढ चढत येतात. नोव्हेंबरातल्या त्या रविवारीही चौघं टेबलाभोवती बसली होती. शेगडीजवळ वाळत घातलेल्या हातमोज्यांना ओल्या कुत्र्यासारखा वास येत होता.

"वेंडी, तो तुकडा खाणार आहेस, की लग्न करणार आहेस त्याच्याशी?" कीथनं विचारलं. कीथ खाटीक. त्याचा आवाज दुकानातला, गिऱ्हाईक रस्त्यापलीकडे असलं तरी ऐकू जाईल असा.

"तुझ्याशी करण्यापेक्षा केकशी बरं. तो निदान गप्प असतो," वेंडी म्हणाली.

म्हातारा डेस हसला. हिलरी हसली नाही. ती डेसच्या तोंडाकडे बघत होती. गेलं वर्षभर ती दुसरं काही करतच नव्हती म्हणा ना.

त्याचं कारण असं. या मंडळींचा एक रिवाज आहे. वाटा अरुंद, दोन्ही बाजूंना डोक्याहून उंच झुडपांची कुंपणं, वळणापलीकडचं काही म्हणता काही दिसत नाही. मग जो पुढे असेल तो चौफुलीवर दोन्हीकडे बघतो आणि रस्ता रिकामा असला की ओरडतो, "मोकळाय!" मागचे मग बघत नाहीत. ब्रेकला हातसुद्धा लावत नाहीत. हाक ऐकली की पाय मारायचा आणि सुटायचं. परक्याला हा वेडेपणा वाटेल, पण पिढ्यान्‌पिढ्या चाललंय असं, आणि त्या हाकेवर ही माणसं आपला जीव टाकून मोकळी होतात.

गेल्या वर्षी क्रॅबट्रीच्या चौफुलीवर अशीच हाक आली. हिलरीचा धाकटा भाऊ ऑल्विन ती ऐकून पुढे झाला आणि दुधाच्या टँकरखाली गेला. पुढे होता डेस. कीथ आणि वेंडी मागे होते. दोघांनीही चौकशीत सांगितलं, आवाज डेसचाच होता. डेसनं मात्र शपथेवर सांगितलं, "मी तोंड उघडलं नव्हतं." निकाल लागला, अपघात. कागद मिटले. हिलरीच्या मनातलं काही मिटलं नाही.

चूक कुणाच्याही हातून होते. कबूल केली असती तर तिनं कदाचित माफही केलं असतं. पण माणूस तोंड वर करून सांगतो, मी नव्हेच? कुठंतरी पाणी मुरत होतं. म्हणून शाळेच्या स्वयंपाकघरात जन्म काढलेल्या या बाईनं बावन्नाव्या वर्षी सायकल घेतली, क्लबात आली आणि डेसच्या मागच्या चाकाला चिकटली. बाकी सगळ्यांना ती अरे-तुरे करायची. डेसला तेवढं 'तुम्ही' म्हणायची, आणि ते 'तुम्ही' थोबाडीत मारल्यासारखं लागायचं.

"परत जाताना क्रॅबट्रीवरनं जाऊ," हिलरी कप खाली ठेवत म्हणाली.

वर्षभरात त्या वाटेला कुणी फिरकलं नव्हतं.

"धुकं उतरतंय," डेस म्हणाला. "नदीकडनं गेलेलं बरं."

"का? तिथं कुणी भेटायचंय का तुम्हाला?"

"हिलरी, अगं..." वेंडीनं तिचा हात धरला.

"सोड. मला त्या जागेवर यांचं तोंड बघायचंय."

डेसनं चष्मा काढून पुसला. पोस्टमन होता तो, त्या वाटा त्याला तळहातासारख्या ठाऊक. बराच वेळ चष्मा पुसून झाल्यावर म्हणाला, "जाऊ. पण एक अट. चौफुलीवर कुणीही हाक द्यायची नाही. उतरायचं, आपल्या डोळ्यांनी बघायचं आणि चालत ओलांडायचं. कुणाचाही आवाज आला तरी."

"कुणाचाही म्हणजे?"

"कुणाचाही म्हणजे कुणाचाही."

चोराच्या मनात चांदणं, हिलरी मनात म्हणाली.

निघाली मंडळी. इंग्लंडात त्या दिवसांत चहा संपेपर्यंत दिवस कलतो. धुकं शेतांवरून कुंपणावर चढलं होतं आणि कुंपणावरून वाटेत उतरत होतं. बागांमधून सफरचंदं गळून चिखलात कुजत पडली होती. त्यांचा गोड, आंबूस, घशाशी येणारा वास सगळीकडे भरला होता. चाकांखाली ओला पाला चिरडत होता, बाकी आवाज नाही. हिलरीच पुढे होती. आधी पोचून डेसला येताना बघायचं, एवढंच तिच्या डोक्यात होतं.

चौफुली आली. हिलरी ब्रेक दाबून उतरली आणि कुंपणाला टेकून उभी राहिली. समोर डांबराची आडवी पट्टी, तिच्या दोन्ही टोकांना धुकं. इथंच ऑल्विन पडला होता. तिला एकदम रडू आलं, आणि ते फुटू नये म्हणून तिनं दात घट्ट आवळले.

तेवढ्यात डावीकडून घरघर ऐकू आली. खालच्या पट्टीतली, जड, ट्रॅक्टरची. दिवा दिसत नव्हता, पण जवळ होता तो. हिलरीनं मागे वळून पाहिलं. डेस वळणावरून हळूहळू येत होता, उतरायच्या बेतात, एक पाय पायडलवरून सुटलेला.

"मोकळाय!"

खणखणीत, स्वच्छ हाक. शाळेच्या जेवणघरात शंभर पोरांवर ओरडून घासून निघालेला तो आवाज. हिलरीचा आवाज. तिच्या तोंडाशेजारून, अगदी कानाजवळून आला. आणि तिचे दात तर आवळलेलेच होते.

डेसनं तिच्याकडे पाहिलं. त्याचा चेहरा असा उजळला... वर्षभर ज्या बाईनं त्याला पाण्यात पाहिलं, ती त्याला हाक देत होती! स्वतः घातलेली अट तो त्या क्षणी विसरला, की जन्माच्या सवयीनं पाय आपोआप फिरला, देव जाणे. तिच्या शेजारून जाताना तो हसला. "आभारी आहे, पोरी," म्हणाला.

हिलरीनं ओरडायला तोंड उघडलं. पण तिच्या आवाजातली हाक एकदा होऊन गेली होती. आता घशातून नुसती हवा आली.

सफरचंदांनी भरलेली ट्रॉली ओढत ट्रॅक्टर धुक्यातून बाहेर आला.

नंतर रस्ताभर सफरचंदं घरंगळत होती. डेस पलीकडच्या कडेला, कुंपणाच्या मुळाशी पडला होता. हिलरी आणि कीथ धावत त्याच्याजवळ पोचले. ट्रॅक्टरवाला पोरगेलासा गडी, "मला दिसलाच नाही हो, दिसलाच नाही," करत जवळच्या शेतघरात फोन करायला पळाला. वेंडी सायकली धरून अलीकडेच उभी होती.

"तू हाक दिलीस," कीथ म्हणाला. त्याचा दुकानातला आवाज पार बसला होता.

"नाही, कीथ."

"मी ऐकली. कान फुटले नाहीत माझे. ठरलं होतं ना हाक द्यायची नाही म्हणून?"

"मी तोंड उघडलं नव्हतं!"

म्हणून गेली, आणि हे डेसचेच शब्द, हे तिच्या ध्यानात आलं. कीथ तिच्याकडे बघत होता. अशा नजरेनं आपण वर्षभर कुणाकडे बघत होतो, ते तिला तेव्हा कळलं.

"सूड घेतलास," कीथ हळूच म्हणाला. "म्हाताऱ्यावर सूड उगवलास तू."

हिलरी चिखलात गुडघे टेकून बसली. डेसचा हात तिनं दोन्ही हातांत घेतला. थंडगार होता. त्यानं डोळे उघडले. चष्मा कुठं उडाला होता, तरी त्यानं तिला बरोबर ओळखलं.

"तू नाही..." तो पुटपुटला. "मला ठाऊक आहे. तू नव्हतीस."

साऱ्या जगात तिच्यावर विश्वास ठेवणारा तो एकच माणूस उरला होता, आणि तोही तिच्या हातातून चालला होता. हिलरीला हुंदका आवरेना. "माफ करा मला," ती म्हणाली, आणि मग, "माफ कर मला, डेस." त्यानं ऐकलं की नाही, कोण जाणे. बोटांची पकड सैल झाली, तशीच राहिली.

कीथनं टोपी काढली.

दूरवर रुग्णवाहिकेचा भोंगा वाजायला लागला. धुक्यात तो कधी या बाजूनं वाटे, कधी त्या, पण दर वेळी आधीपेक्षा जवळ. पलीकडून वेंडी ओरडली, "काय झालं? कसा आहे तो? मी येऊ का तिकडे?"

हिलरीनं मान वर केली. नको म्हणायचं होतं तिला, जागची हलू नकोस म्हणायचं होतं. पण तोंड उघडायची तिला छाती झाली नाही. तिनं दोन्ही तळवे ओठांवर दाबून धरले आणि मान जोरजोरात हलवली. कीथ तिच्याकडेच बघत होता. तिचे चिखलानं भरलेले हात, हातांखाली मिटलेलं तोंड, सगळं त्याला हाताच्या अंतरावरून दिसत होतं.

"मोकळाय!" हिलरीचा आवाज म्हणाला. या वेळी प्रेमानं, समजावल्यासारखा.

कीथचा चेहरा पांढराफटक पडला. "वेंडी, थांब..." तो किंचाळला.

पण सवय मोठी वाईट. वेंडीनं पाऊल उचललंसुद्धा होतं.